कठड्यावरचा भात

कत्तिरी लागली. वैशाखातल्या सगळ्यात कडक उन्हाला चेन्नईत हे नाव आहे. दुपारी वेलचेरीचा रस्ता पांढराफटक दिसायला लागतो, शेअर ऑटोवाले पुलाच्या सावलीत गाड्या लावून मागच्या सीटवर पाय पसरून झोपतात, आणि उंच रुळांवरून जाणारी गाडीसुद्धा सुस्तावल्यासारखी वाटते. मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी खुर्ची टाकून बसतो. कबुतरांचा त्रास नको म्हणून बाल्कनीला जाळी लावलेली आहे. जाळीतून ऊन येतं, धूळ येते, आवाज येतात. पक्षी येत नाहीत.

काल खालच्या झाडांतून तो आवाज आला. कोकिळेचा सगळ्यांना ठाऊक असलेला चढत जाणारा सूर नव्हे. किरकिरा, चिरका, हट्टाला पेटलेला. कोकिळेचं पिल्लू भुकेलं की असं ओरडतं, आणि ज्याने तो आवाज एकदा घरात, बंद दाराआडून ऐकला आहे, त्याला तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

मग जेवताना सुनेने विषय काढला. परवा माझ्या वडिलांचं श्राद्ध आहे, त्याची तयारी चालली होती. ती नातीला सांगत होती, "एका वर्षी पणजोबांच्या श्राद्धाला कावळा शिवलाच नाही. म्हणून तर सुगुणा आत्त्याचं लग्न राहिलं."

मीनू कॉलेजात आहे. मराठी तिला समजते, बोलायला ती तमिळ किंवा इंग्रजीच जवळ करते. काल मात्र मराठीत म्हणाली, "म्हणजे कावळ्याने ठरवलं? सीरियसली?"

"पितरं सांगतात गं त्याच्याकडून."

"आणि आत्त्या गप्प बसली?"

सून म्हणाली, "मोठ्यांचा मान ठेवला तिने."

मी ताकभात कालवत राहिलो. ही गोष्ट आमच्या नात्यात फार वर्षं सांगितली जाते. कुंभकोणमला सांगतात, तंजावरला सांगतात, लग्नघरी बायका एकमेकींना सांगतात. माझ्यासमोर कुणी सांगितली की मी विषय बदलत नाही आणि दुजोराही देत नाही. नुसता जेवतो. पण काल ताट अर्धवट ठेवून उठलो.

आम्ही तंजावरकडचे. आमची घरातली मराठी ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात, मग मान तिरकी करून ऐकतात. नोकरीची पहिली काही वर्षं पुण्यात गेली म्हणून ही छापील भाषा मला लिहिता येते. आईला ती कधी आवडली नाही. "पेपर वाचल्यासारखं बोलू नोको, रंगा," म्हणायची.

नवं शतक सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. पश्चिम मांबलमला स्टेशनाजवळच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहत होतो: आई, मी आणि सुगुणा. सुगुणा माझी मुलगी. ती लहान असतानाच माझी बायको गेली. मुलगा तेव्हा नोकरीसाठी बाहेरगावी होता. सुगुणाला वाढवलं ते आईने. वेणी आईने घातली, श्लोक आईने शिकवले, आणि सुगुणा शाळेत शिकवायला लागल्यावर डबाही आईच भरायची.

त्या उन्हाळ्यात शहरात पाणी नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी यायची आणि लाल, हिरव्या, निळ्या प्लास्टिकच्या घागरींची रांग बदामाच्या झाडापासून पार मुरुगनच्या छोट्या देवळापर्यंत जायची. त्या उन्हाळ्याची आठवण म्हणजे मला त्या रिकाम्या घागरींचा आवाज. त्याबरोबर गच्चीवर वाळणाऱ्या सांडग्यांचा आंबूस वास, गजरेवालीच्या टोपलीतल्या भिजल्या फडक्याचा गारवा, ताडगोळे सोलताना नखात जाणारा चीक. आणि आईची हाक.

आमच्याकडे आधी कावळा जेवतो, मग माणसं. आंघोळ करून, ओल्या केसांची गाठ मारून आई बाल्कनीत यायची. कठड्यावर वरणभाताचा गोळा ठेवायची, वर तुपाचा थेंब, आणि हाक मारायची, "का, का, का." खरं तर हाकेची गरज नसे. कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडात कावळ्यांची एक जोडी होती. आईच्या बांगड्या वाजल्या की ती दोघं तारेवर हजर. आई भात ठेवून हात मागे घेते न घेते तोच पहिली चोच पडे. "ह्यांना सबुरी कधी नव्हतीच," आई म्हणायची. माझ्या वडिलांबद्दल ती असं फक्त कावळ्याच्या निमित्ताने बोलायची.

त्याच उन्हाळ्यात सुगुणाने सेल्वमचं नाव घरात घेतलं. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनियर. आपल्यातला नाही, आपल्या भाषेचाही नाही. एकदा शिफ्ट संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून तो थेट आमच्याकडे आला. हातात ताडगोळ्यांची पिशवी. आईच्या पाया पडला आणि सुगुणाने शिकवलेलं वाक्य धीर एकवटून म्हणाला, "आजी, जेवलास का?"

आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "जेवलो रे बाबा," ती म्हणाली. "आता तूच जेवून जा."

तो गेल्यावर सुगुणाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझं काही नाही. आजी हो म्हणाली की झालं." हे वाक्य तेव्हा मला फार उदार वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला ते लग्न नको होतं. कुंभकोणमचे चुलते काय म्हणतील, ऑफिसातले काय म्हणतील, ह्यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं, आणि तेवढं कारण तोंडाने बोलायची मला लाज वाटत होती. म्हणून मी आईला पुढे केलं. ती हो म्हणणार नाही, अशी माझी खात्री होती.

आईने दोन दिवस घेतले. मग सकाळी कठड्यावर भात ठेवताना, सुगुणा आणि मी दोघं ऐकत असताना, म्हणाली, "ह्यांच्या श्राद्धाला कावळा लगेच आला, तर माझं हो. मग कुंभकोणमकरांनी विचारलं तर सांगेन, ह्यांनीच हो म्हटलं."

आणि ती बोलेपर्यंत कावळा भातावर आला होता. सुगुणा खुदकन हसली. मीही कसनुसा हसलो. आईने असा कौल लावला होता जो कधी चुकायचाच नव्हता. तिला हो म्हणायचं होतं, आणि नातेवाइकांसमोर मान ताठ ठेवून म्हणायचं होतं. तिची वाट तिने कशी बेमालूम काढली होती, हे मला त्याच क्षणी कळलं.

श्राद्ध जवळ आलं. फळं आणायला मी सकाळी बाहेर पडलो. लॉरी नुकतीच आली होती, घागरींची रेटारेटी, ऑटोंचे हॉर्न, स्टेशनाकडे धावणारी माणसं. बदामाच्या झाडाखाली, गजरेवालीच्या टोपलीशेजारी, रस्त्याच्या कडेला एक पिल्लू बसलं होतं. काळपट, अंगभर फिकट ठिपके, शेपूट अजून अर्धंच. चोच उघडली की आत लालभडक. दोन कावळे त्याच्यावर झेपा घेत होते, उडत होते, पुन्हा येत होते.

"कोकिळेचं पोर आहे. मारून टाकतील ते," कुणीतरी म्हणालं.

मी छत्री उघडली, कावळ्यांना हाकललं, एकाच्या पंखावर छत्रीचा फटकाही बसला. पिल्लू रुमालात उचललं. ते माझ्या तळहातावर थरथरत होतं, आणि इतकं हलकं होतं की रुमालाचंच वजन जास्त वाटावं. गजरेवाली म्हणाली, "सार, पुण्य लागेल." ऑटोवाल्याने टाळी वाजवली. मागून एक कावळा माझ्या डोक्यावर टोच मारून गेला, तसा तोच ऑटोवाला ओरडला, "सार, उद्यापासून हेल्मेट घाला!" सगळे हसले. मीही हसलो. एखादं चांगलं काम हातून व्हावं आणि चार लोकांनी ते पाहावं, असा योग माझ्या आयुष्यात थोडाच आला होता.

घरी वेताची टोपली पालथी घातली, वर वरवंटा ठेवला, बाल्कनीत पिल्लाची सोय झाली. सुगुणाने पपईचे बारीक तुकडे केले. ती टोपलीची कड उचलायची, मी बोटाने तुकडा आत सोडायचो. पिल्लू घास घेताना माझं बोटच गिळायला बघायचं. "अप्पा, तुमची अंगठी जाईल," ती म्हणाली. लग्नाची गोष्ट निघाल्यापासून आम्ही दोघं असे शेजारी बसलो नव्हतो. त्या टोपलीशी वाकलेलं तिचं डोकं, तेल लावलेला भांग, हातावर पपईचा केशरी रस. तो तासभर मला माझी मुलगी पहिल्यासारखी मिळाली होती.

संध्याकाळी तिने फोनवर सेल्वमला सगळं सांगितलं असावं. माझ्याकडे येऊन म्हणाली, "अप्पा, सेल्वम म्हणतो, कोकिळेची पिल्लं कावळेच वाढवतात ना? ते मारत नसतील त्याला, भरवत असतील. जिथून आणलं त्या झाडावर ठेवून या, म्हणतो."

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे मी शाळेत शिकलो होतो. कुणाला ठाऊक नसतं? पण रस्त्यावर, त्या गर्दीत, ते मला आठवलं नव्हतं. आठवण करून दिली ती त्याने. मी म्हणालो, "त्याला सांग, कारखाना सांभाळ. पक्षी आम्हाला कळतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाल्कनीत गेलो तर कठड्यावर कावळा. चोचीत काहीतरी धरलेलं. मला पाहूनही तो उडाला नाही. टोपलीवर उतरला, वेतामधल्या फटीतून चोच आत घातली, आतून तो चिरका आवाज आला आणि थांबला. कावळ्याची चोच रिकामी होऊन बाहेर आली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

आता शंकेला जागा नव्हती. ज्या कावळ्यांना माझी आई रोज पहिला घास देत होती, त्यांचंच पोर मी पळवून आणलं होतं. खाली उतरून ते झाडावर ठेवायला कितीसा वेळ लागला असता? पण सेल्वमचं म्हणणं खरं निघालं, हे मान्य करावं लागलं असतं. मी टोपली उचलली आणि न्हाणीघरात नेऊन दार लावलं. त्या दिवशी आईने ठेवलेला भात दुपारपर्यंत कठड्यावर तसाच वाळला. आई म्हणाली, "उन्हाने कावरेबावरे झालेत बिचारे."

सुगुणाने टोपली कुठे हलवली ते पाहिलं. का हलवली, हे तिने विचारलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी वाध्यार आले, म्हणजे आमचे भटजी. कुंभकोणमचे दोन चुलतभाऊ आले. केळीच्या पानावर पिंडाचा भात घेऊन मी बाल्कनीत गेलो, कठड्यावर ठेवला. तारा कावळ्यांनी भरून गेल्या होत्या. समोरच्या पाण्याच्या टाकीवर, गजांवर, सगळीकडे कावळे, आणि सगळे एकसारखे ओरडत होते. आतून, न्हाणीघराच्या दारामागून, त्यांना उत्तर येत होतं. मी मागे सरलो तसा एक कावळा सरळ माझ्या डोक्यावर आला. पण भाताला एकानेही चोच लावली नाही.

आईने हात जोडले. "का, का," म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिचा आवाज बारीक होत गेला. चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं. वाध्यार म्हणाले, "मनात काही राहिलंय त्यांच्या."

सुगुणा पुढे आली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आजी, त्यांचं पिल्लू आपण कोंडलंय. म्हणून ते येत नाहीत. अप्पांना माहीत आहे."

आई माझ्याकडे वळली. "होय रे, रंगा?"

ह्या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितो आहे. उन्हाने कठडा तापला होता, भातावरचं तूप वितळून पानावर पसरलं होतं, आणि माझी आई, जिने मला उभ्या आयुष्यात कधी खोट्यात पकडलं नव्हतं, उत्तराची वाट पाहत होती. हो म्हटलं असतं, तर टोपली बाहेर आली असती, कावळे खाली उतरले असते, आणि माझ्या मुलीचं लग्न झालं असतं.

मी म्हणालो, "तसं काही नाही, आई. पक्ष्यांना एवढं कुठलं कळतंय."

वाध्यारांनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि भाताला शिववला. पंगत बसली.

पाहुणे गेल्यावर सुगुणा न्हाणीघरात गेली आणि टोपली घेऊन खाली उतरली. श्राद्धाची जरीकाठी साडी तशीच अंगावर. मी बाल्कनीतून पाहत होतो. घागरी घेऊन उभ्या बायकांनी तिला वाट दिली. गजरेवालीने आपलं स्टूल पुढे केलं. त्यावर चढून सुगुणाने पिल्लू बदामाच्या फांदीवर ठेवलं. क्षणभर कावळ्यांचा नुसता गिल्ला झाला. मग एक फांदीवर उतरला, पिल्लाची लाल चोच उघडली, आणि त्याने तिच्यात घास घातला. मग दुसरा आला. सुगुणा स्टुलावर तशीच उभी राहिली. नंतर मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं आणि झाडाकडे बोट केलं. मी आत वळलो. आई दाराशी उभी होती. पान आवरायला आली असावी.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आई सुगुणाला जवळ घेऊन म्हणाली, "नोको गं आता ते. राहू दे." सुगुणा म्हणाली, "बरं, आजी."

दुसऱ्या दिवशी कावळे भातावर आले, नेहमीसारखे. आता पितरं शांत झाली, असं नातेवाइकांनी म्हटलं आणि गोष्ट पक्की झाली.

पुढच्या वर्षी सुगुणाने कोइम्बतूरच्या शाळेत नोकरी धरली. ती आता तिथे मुख्याध्यापिका आहे. लग्न केलं नाही. दर रविवारी फोन करते, माझं ब्लडप्रेशर विचारते, गोळ्या संपल्या का विचारते. सेल्वमचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारायला तोंड नव्हतं.

आई त्यानंतर आणखी काही वर्षं होती. दर वर्षी श्राद्ध जवळ आलं की, तांदूळ निवडता निवडता, मला एकच प्रश्न विचारायची. "त्या वर्षी का रे आला नाही कावळा?" मी म्हणायचो, "काय माहीत, आई." ती पुन्हा तांदळात मान घालायची. वयामुळे विसरते आणि तेच तेच विचारते, असं मी धरून चाललो होतो. ती गेली तेव्हा दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, तृप्त होऊन गेल्या. तो प्रश्न मनात घेऊन ती गेली, एवढं मला ठाऊक होतं.

आज मुलाला सांगून बाल्कनीच्या जाळीचा एक कोपरा सोडवून घेतला. परवा तिथे भात ठेवताना मीनूसमोर, सुनेसमोर, कुंभकोणमहून येतील त्यांच्यासमोर मी हे सांगणार आहे. पण त्याआधी सुगुणाला सांगायला हवं होतं. मघाशी तिला फोन लावला आणि इथवरचं सगळं वाचून दाखवलं. खाली झाडात पिल्लू ओरडत होतं. तिला ते ऐकू गेलं असेल.

शेवटी म्हणाली, "अप्पा, एक जागा चुकली आहे."

"कुठली?"

"स्टुलावरून मी तुमच्याकडे नव्हतं पाहिलं. तुमच्या मागे आजी उभी होती. मी तिला झाड दाखवत होते. तिने पाहिलं सगळं. मान हलवली मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "मग संध्याकाळी ती नको का म्हणाली?"

"मीही विचारलं तिला. म्हणाली, कावळ्याला नोको नव्हतं गं, तुझ्या बापाला नोको आहे. माझा मुलगा खोटं बोलला, हे मी चार लोकांत कसं सांगू?"

"आणि दर वर्षी मला ती विचारायची..."

"हो," सुगुणा म्हणाली. "विचारून झालं की मला फोन करायची. म्हणायची, ह्या वर्षी नाही सांगितलं त्याने. पुढच्या वर्षी सांगेल."